अवतार, रहिवासी आणि मालक : आभासी जगांतील पर्यायी जीवनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

'अवतार' हा शब्द 'अव' हा उपसर्ग आणि 'तॄ' हा धातू यांपासून सिद्ध झाला असून त्याचा मूळ अर्थ 'खाली उतरणे' असा आहे. भारतीय परंपरेत परमतत्त्व मर्यादित देह धारण करून मर्त्यलोकात उतरते, तेव्हा त्याला अवतार म्हटले जाते. विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच शब्द संगणकाच्या व्यवहारात रूढ झाला आणि त्याला नवा अर्थ प्राप्त झाला. संगणकाच्या पडद्यावरील जगात वावरणारे, माणसाने स्वतःसाठी निवडलेले रूप म्हणजे अवतार, असा आजचा जागतिक प्रयोग आहे. मूळ कल्पनेत अमर्याद ते मर्यादित होते. नव्या कल्पनेत मात्र देह, वय, लिंग, वर्ण आणि गाव यांनी बांधलेला माणूस त्या मर्यादा ओलांडू पाहतो.

या दुसऱ्या जीवनाकडे सामान्यतः खेळ, व्यसन किंवा वास्तवापासून पलायन म्हणून पाहिले जाते. ऐतिहासिक दृष्टीने पाहिल्यास चित्र वेगळे दिसते. माणसे अवतार धारण करून एकत्र आली की तेथे थोड्याच काळात मालमत्ता, चोरी, कर, निवडणूक, शिक्षा आणि शोक यांचे प्रश्न उभे राहिले. म्हणजेच समाज निर्माण झाला. परंतु हा समाज ज्या भूमीवर वसला ती भूमी कोणाच्या तरी खाजगी मालकीची होती. त्यामुळे अवतारी जीवन जगणारी व्यक्ती त्या जगाची नागरिक आहे की केवळ ग्राहक, हा प्रश्न या संपूर्ण इतिहासाच्या केंद्रस्थानी राहिला आहे.

उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) इ. स. १९७८ पासून विकसित झालेल्या प्रमुख आभासी जगांचा कालक्रमानुसार आढावा घेणे. (२) त्या जगांतील रहिवासी आणि चालक यांच्यातील संबंधांचे स्वरूप तपासणे. (३) अवतारी जीवनाच्या हक्कांविषयी निष्कर्ष मांडणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून सर्व जगांची जंत्री देण्याऐवजी निर्णायक ठरलेल्या मोजक्या घटनांची निवड केली आहे.

१. शब्दांनी उभारलेले जग

आभासी जगांच्या इतिहासाचा आरंभ इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. इ. स. १९७८ मध्ये तेथील विद्यार्थी रॉय ट्रबशॉ याने 'मल्टी युजर डंजन' अर्थात 'मड' या आज्ञावलीचे काम सुरू केले आणि इ. स. १९८० मध्ये ते रिचर्ड बार्टल याने आपल्या हाती घेतले. या जगात चित्र नव्हते. दालन, वाट, अरण्य, शत्रू आणि सोबती हे सर्व शब्दांत वर्णिलेले असे. 'उत्तरेकडे जा', 'तलवार उचल' अशा आज्ञा टंकित केल्या की त्यांचा परिणाम पुन्हा शब्दांतच पडद्यावर उमटे. विद्यापीठाच्या बाहेरील लोकांना रात्रीच्या मोकळ्या वेळेत संगणकाचा वापर करू दिला जात असल्याने या जगाची लोकसंख्या हळूहळू विद्यापीठाबाहेरही वाढली.

या साध्या रचनेत एक सामाजिक आशय होता. मडमध्ये येणाऱ्याची ओळख त्याने स्वतः घेतलेल्या नावाने होई. तो कोणत्या कुळात जन्मला किंवा कोणत्या उच्चाराने इंग्रजी बोलतो, याची तेथे विचारणा नव्हती. वर्गभेदाची जाणीव तीव्र असलेल्या ब्रिटिश समाजात ही गोष्ट किरकोळ नव्हती. गुण मिळवत जो सर्वोच्च पायरी गाठेल त्याला 'विझर्ड' म्हणजे मांत्रिकाचा दर्जा मिळे आणि त्याबरोबर इतरांवर चालणारे विशेष अधिकारही मिळत. जन्माऐवजी कर्तृत्व हा निकष आला खरा. तथापि समता आली नाही. नवी उतरंड तयार झाली आणि तिच्या माथ्यावर संगणकाची आज्ञावली हाती असणारे बसले.

पुढे इ. स. १९९६ मध्ये बार्टल याने अशा जगांत येणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले : यश मिळवू पाहणारे, शोध घेणारे, माणसांत मिसळणारे आणि इतरांना उपद्रव देण्यात आनंद मानणारे. शेवटच्या प्रकाराची दखल घेणे महत्त्वाचे आहे. कारण मुखवटा मिळालेला प्रत्येक जण सज्जन होत नाही, हे आभासी जगांच्या चालकांना फार लवकर उमगले होते.

२. हॅबिटॅट : चित्ररूप अवतार आणि पहिली नगरव्यवस्था

पडद्यावरील चित्ररूप देहाला 'अवतार' हे नाव देणारे पहिले महत्त्वाचे ऑनलाइन जग म्हणजे ल्युकासफिल्म गेम्स या संस्थेचे 'हॅबिटॅट'. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी निर्माण केलेले हे जग इ. स. १९८६ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. घरगुती वापराचा कमोडोर ६४ हा संगणक आणि दूरध्वनीची तार एवढ्या सामग्रीवर ते चालत असे. ज्या 'क्वांटम लिंक' या सेवेवर ते चालले, तिची चालक कंपनी पुढे 'अमेरिका ऑनलाइन' या नावाने प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास, इ. स. १९८५ मध्ये, रिचर्ड गॅरियट याच्या 'अल्टिमा'च्या चौथ्या भागानेही हा शब्द वापरला होता. परंतु तो एकट्याने खेळण्याचा खेळ होता. इ. स. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नील स्टीफन्सन याच्या 'स्नो क्रॅश' या कादंबरीने शब्दाचा प्रसार केला.

हॅबिटॅटमधील प्रत्येक अवताराला घर, खिसा आणि 'टोकन' नावाचे चलन मिळे. दोन्ही निर्मात्यांनी इ. स. १९९० मध्ये एका परिषदेत मांडलेल्या आणि पुढील वर्षी ग्रंथरूपाने आलेल्या निबंधात येथील अनुभव नोंदवले आहेत. काही विक्रीयंत्रांत वस्तूंचे भाव चुकून असे ठरले होते, की एका यंत्रातून घेतलेली वस्तू दुसऱ्या यंत्राला अधिक दराने विकता येई. ही गोष्ट ध्यानात आलेल्या मोजक्या रहिवाशांनी रात्रभर फेऱ्या मारल्या आणि सकाळी त्या जगातील चलन पाचपट झाल्याचे आढळले. चालकांनी ती संपत्ती हिरावून घेतली नाही. आणि त्या नवश्रीमंतांनी पुढे आपल्या पैशातून इतरांसाठी गुप्तधन शोधण्याचे खेळ भरवले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असलेली चलनवाढ आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असलेला दानधर्म, दोन्ही एकाच प्रसंगात प्रकट झाले.

हत्येचा प्रश्न अधिक गहन होता. शस्त्राने मारलेला अवतार आपल्या घरी पुन्हा उठे, पण त्याच्या हातातील व खिशातील वस्तू गेलेल्या असत. ही हत्या गुन्हा मानावी की खेळाचा भाग, यावर रहिवाशांत तीव्र मतभेद झाले. प्रत्यक्ष आयुष्यात धर्मगुरू असलेल्या एका रहिवाशाने तेथे पहिले चर्च स्थापले आणि अनुयायांना शस्त्र व चोरी वर्ज्य केली. रहिवाशांनी शेरीफची निवड केली. परंतु निवडून आलेल्या शेरीफला अधिकार कोणते असावेत, हा वाद कायम राहिला. शेवटी नगराच्या हद्दीत हिंसा अशक्य करण्यात आली आणि हद्दीबाहेर ती शक्य ठेवण्यात आली. हे बदल आज्ञावलीत करायचे असल्यामुळे मत रहिवाशांचे आणि अंमल चालकांचा, अशी विभागणी झाली. इ. स. १९८८ मध्ये मूळ हॅबिटॅट बंद झाले व त्याची छोटी आवृत्ती 'क्लब कॅरिब' या नावाने पुढे चालली. ते बंद करण्याविषयी रहिवाशांचे मत निर्णायक नव्हते.

३. लॅम्डामू : स्वराज्याचा प्रयोग

रहिवासी व चालक यांच्या संबंधातील सर्वांत बोधप्रद प्रयोग 'लॅम्डामू' या शब्दमय जगात झाला. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करणाऱ्या पाव्हेल कर्टिस याने इ. स. १९९० मध्ये ते सुरू केले. येथे जिंकण्याहरण्याचा खेळ नव्हता. एका मोठ्या घराची कल्पना करून त्यात दालने वाढवत जाणे, गप्पा मारणे आणि राहणे हाच उद्देश होता. डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिसने जाहीर केले, की चालक केवळ तांत्रिक बाजू सांभाळतील आणि सामाजिक तंटे रहिवाशांनी आपसांत मिटवावेत.

या घोषणेची कसोटी इ. स. १९९३ च्या वसंतऋतूत लागली. 'मिस्टर बंगल' हे नाव घेतलेल्या एका व्यक्तीने 'व्हूडू बाहुली' नावाच्या छोट्या आज्ञावलीचा वापर करून, दिवाणखान्यात उपस्थित असलेल्या इतर पात्रांच्या नावे लैंगिक अत्याचाराची वर्णने प्रसृत केली. ज्यांच्या नावे ही वाक्ये उमटत होती त्यांचा त्यावर ताबा नव्हता. कोणाच्या शरीराला स्पर्श झाला नव्हता. तरीही पीडितांना झालेला क्लेश खरा होता. रहिवाशांची सभा भरली, दीर्घ चर्चा झाली, परंतु एकमत झाले नाही. त्यानंतर एका चालकाने स्वतःच्या निर्णयाने ते पात्र नष्ट केले. पत्रकार ज्युलियन डिबेल याने डिसेंबर १९९३ मध्ये 'द व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात ही घटना विस्ताराने मांडली, आणि आभासी जगातील अत्याचाराला कायद्याच्या व नीतिशास्त्राच्या चर्चेत स्थान मिळाले.

या प्रसंगानंतर कर्टिसने लोकमत घेण्याची व्यवस्था केली. रहिवाशांनी विनंतीपत्र तयार करावे, त्यावर सह्या घ्याव्यात, मतदान व्हावे आणि पुरेसा पाठिंबा मिळाल्यास चालकांनी त्याची अंमलबजावणी करावी, असे तिचे स्वरूप होते. मात्र वाद वाढत गेले. तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय यांची फारकत व्यवहारात टिकत नाही, असे चालकांना आढळले आणि मे १९९६ मध्ये त्यांनी सामाजिक निर्णयांचे अधिकार पुन्हा स्वतःकडे घेतल्याचे जाहीर केले. साडेतीन वर्षांहूनही कमी काळ चाललेल्या या प्रयोगातून एक गोष्ट स्पष्ट झाली : दिलेले स्वराज्य देणाऱ्याच्या मर्जीने परत घेतले जाऊ शकते.

४. सेकंड लाइफ : जमीन, कर आणि न्यायालय

इ. स. १९९९ मध्ये फिलिप रोझडेल याने स्थापन केलेल्या लिंडन लॅब या अमेरिकन कंपनीने जून २००३ मध्ये 'सेकंड लाइफ' सर्वांसाठी खुले केले. येथे वापरकर्त्याला अधिकृतपणेच 'रहिवासी' म्हटले जाई. घरे, वस्त्रे, वाहने, बागा हे जवळजवळ सर्व रहिवाशांनी स्वतः निर्माण केलेले होते. आरंभी मात्र निर्माण केलेल्या वस्तूंवर कर द्यावा लागे, म्हणजे जो अधिक उभारील तो अधिक भरील. अमेरिकेतील प्रसिद्ध वास्तूंच्या प्रतिकृती उभारणाऱ्या एका गटाने इ. स. २००३ च्या उन्हाळ्यात याविरुद्ध आंदोलन केले. बोस्टनच्या चहा-प्रकरणाची आठवण देत त्यांनी त्या जगात चहाच्या पेट्यांचे ढीग रचले. त्याच वर्षाच्या अखेरीस करपद्धती बदलली, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये रहिवाशांच्या निर्मितीवर त्यांचाच बौद्धिक संपदा हक्क राहील, असे कंपनीने घोषित केले. आभासी जगांच्या इतिहासात रहिवाशांना मिळालेले हे एक मोठे यश होय.

यानंतर अर्थव्यवहार वेगाने वाढला. 'लिंडन डॉलर' हे चलन खऱ्या डॉलरमध्ये बदलता येत असल्यामुळे जमिनीची खरेदी-विक्री हा व्यवसाय झाला. 'अ‍ॅन्शे चंग' या अवताराचे छायाचित्रासारखे रूप मे २००६ मध्ये 'बिझनेसवीक' नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आले. ऑक्टोबर २००६ मध्ये नोंदणीकृत खात्यांची संख्या १० लाखांवर गेली. अर्थात नियमित वावरणारे त्याहून पुष्कळ कमी होते. मे २००७ मध्ये मालदीव आणि पाठोपाठ स्वीडन यांनी तेथे आपली दालने उघडली. अनेक विद्यापीठांनी वर्ग व ग्रंथालये उभारली.

परंतु याच काळात मालकीच्या मर्यादाही उघड झाल्या. नोव्हेंबर २००६ मध्ये इतरांच्या वस्तूंच्या नकला करणारी 'कॉपीबॉट' ही आज्ञावली पसरली, तेव्हा व्यापारी रहिवाशांनी निषेध म्हणून दुकाने बंद ठेवली. जुलै २००७ मध्ये कंपनीने जुगारावर बंदी घातली. पुढील महिन्यात भरघोस व्याजाचे आमिष दाखवणारी 'गिंको' ही आभासी पेढी बुडाली आणि ठेवीदारांचे खरे पैसे गेले. जानेवारी २००८ मध्ये अधिकृत परवाना नसलेल्या व्याज देणाऱ्या पेढ्यांना बंदी झाली. एका रहिवाशाचे खाते जमिनीसह गोठवण्यात आल्यावर त्याने पेनसिल्व्हेनियात दावा लावला. कंपनीच्या करारातील सक्तीच्या लवादाचे कलम अन्यायकारक असल्याने ते लागू करता येणार नाही, असे तेथील संघीय न्यायालयाने मे २००७ मध्ये ठरवले. पुढे उभय पक्षांत तडजोड झाल्याने, आभासी जमीन ही कायद्याने मालमत्ता ठरते काय, या मूळ प्रश्नाचा निवाडा त्या दाव्यात झाला नाही.

शिक्षणक्षेत्राला या मर्यादेचा अनुभव इ. स. २०१० मध्ये आला. शैक्षणिक व सेवाभावी संस्थांना जमिनीच्या शुल्कात मिळणारी निम्मी सवलत बंद करण्याचे कंपनीने त्या वर्षी जाहीर केले आणि अनेक संस्थांना आपल्या उपस्थितीचा फेरविचार करावा लागला. वर्ग आभासी होता. भाडे मात्र खरे होते.

५. दुसऱ्या जीवनाचे मूल्य

मालकीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो या जीवनाला खरोखर मूल्य असेल तरच. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील शेरी टर्कल यांनी इ. स. १९९५ च्या 'लाइफ ऑन द स्क्रीन' या ग्रंथात अशा जगांकडे स्वत्वाचे निरनिराळे पैलू अजमावण्याचे स्थान म्हणून पाहिले. मानवशास्त्रज्ञ टॉम बेल्स्टॉर्फ यांनी इ. स. २००४ ते २००७ या काळात संपूर्ण क्षेत्रकार्य सेकंड लाइफच्या आतच केले; एखाद्या बेटावरील समाजाचा अभ्यास करावा तसा. इ. स. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाची भूमिका अशी, की आभासी जगातील संस्कृती त्या जगाच्या स्वतःच्या संदर्भात अभ्यासता येते. बाहेरच्या जीवनाची ती केवळ पडछाया नव्हे.

या भूमिकेला पुष्टी देणारे उदाहरण नॉर्वेचे आहे. स्नायूंचा ऱ्हास करणाऱ्या ड्युशेन या आजाराने ग्रस्त असलेला एक तरुण इ. स. २०१४ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी मरण पावला. आपला मुलगा खोलीत एकाकी आयुष्य कंठून गेला, अशी आईवडिलांची समजूत होती. त्याच्या मृत्यूची वार्ता त्यांनी त्याच्या अनुदिनीवर दिली, तेव्हा निरनिराळ्या देशांतून शोकपत्रे येऊ लागली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या जगात 'इबेलिन' या अवताराच्या रूपाने तो वर्षानुवर्षे वावरला होता. तेथे त्याने मैत्री केली होती, प्रेम केले होते, इतरांच्या कौटुंबिक अडचणींत सल्ला दिला होता आणि क्वचित कोणाला दुखावलेही होते. त्याच्या अंत्यविधीला त्या जगातील सोबती परदेशांतून आले. इ. स. २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या बेंजामिन री याच्या माहितीपटात, जपून ठेवलेल्या संवादनोंदींच्या आधारे या जीवनाची पुनर्मांडणी करण्यात आली. चाकाच्या खुर्चीतील देह आणि धावणारा अवतार यांपैकी एक खरा व दुसरा खोटा, असे येथे म्हणता येत नाही. दोन्हींचा स्वभाव एकच होता. एकाला केवळ वाव मिळाला होता.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. अवताराला दिलेली इजा माणसापर्यंत पोहोचते, हे लॅम्डामूने इ. स. १९९३ मध्ये दाखवून दिले होते. तरीही जवळजवळ तीन दशकांनंतर, फेसबुकची मालक कंपनी 'मेटा' झाल्यावर, तिच्या 'होरायझन वर्ल्ड्स' या जगात छळाच्या तक्रारी आल्या आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अवतारांभोवती सुमारे चार फुटांचे अंतर राखणारी सोय करावी लागली. आधीच्या पिढीने मोल देऊन घेतलेला धडा नव्या चालकांनी पुन्हा पहिल्यापासून गिरवला.

६. जग बंद होते तेव्हा

राज्ये लयाला गेली तरी प्रजा आणि भूमी उरते. आभासी जग बंद केले की भूमीही उरत नाही. 'देअर' हे जग मार्च २०१० मध्ये बंद झाले. 'सिटी ऑफ हीरोज' बंद होणार असे कळल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये असंख्य अवतार तेथील अ‍ॅटलस पार्क या मध्यवर्ती स्थळी निषेधासाठी जमले. तरीही ३० नोव्हेंबर २०१२ रोजी ते जग संपले. पुढे तेथील जुन्या रहिवाशांनी ते स्वतंत्रपणे चालवले आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ हक्कधारक कंपनीने त्यांच्या 'होमकमिंग' या उपक्रमाला परवाना दिला. रहिवाशांच्या चिकाटीपुढे मालकाने मान्यता दिल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

इतिहासाच्या अभ्यासकासाठी येथे साधनांचा प्रश्नही आहे. हॅबिटॅटची मूळ आज्ञावली इ. स. २०१६ मध्ये खुली झाली व ओकलंड येथील संग्रहालयाच्या पुढाकाराने ते जग पुन्हा चालू करण्यात आले. परंतु आज्ञावली जतन केल्याने वाडा उभा राहतो, त्यातील माणसे परत येत नाहीत. कोण काय बोलले, कोणत्या सभेत कोणी काय मत दिले, या नोंदी रहिवाशांनी स्वतः ठेवल्या असतील तेवढ्याच उरतात. इबेलिनचे जीवन सांगता आले ते अशा नोंदींमुळे.

निष्कर्ष

१. आभासी जगांतील पर्यायी जीवन हे केवळ मनोरंजन नव्हे. चलन, हत्या, कर, निवडणूक आणि शोक यांचे प्रश्न मडनंतरच्या प्रत्येक टप्प्यावर नव्याने निर्माण झाले. यावरून तेथे समाज घडतो हे सिद्ध होते.

२. अवतार माणसाला देहाच्या व जन्माच्या काही मर्यादांतून मोकळे करतो, परंतु उत्तरदायित्वातून नाही. त्याला मिळालेला स्नेह आणि झालेली इजा, दोन्ही त्यामागील माणसापर्यंत पोहोचतात.

३. रहिवाशांना जेव्हा हक्क मिळाले तेव्हा ते संघटित मागणीमुळे अथवा चालकांच्या औदार्यामुळे मिळाले. त्यांना स्थायी अधिष्ठान लाभले नाही. लॅम्डामूतील स्वराज्य चालकांनी परत घेतले, शैक्षणिक सवलत मालकाने काढून घेतली, आणि जगे सेवेच्या कराराखाली बंद झाली.

४. म्हणून ज्या जगात माणसे वर्षानुवर्षे राहतात, ते बंद करताना पुरेशी पूर्वसूचना, स्वतःच्या निर्मितीची व संवादनोंदींची प्रत मिळण्याचा हक्क आणि तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायासन, या किमान गोष्टी मान्य होणे आवश्यक आहे. शिक्षणसंस्थांनीही आपले वर्ग आणि संग्रह परक्या सर्व्हरवर उभारताना हाच विचार प्रथम करावयास हवा.

परंपरेतील अवतार आपले कार्य संपले की स्वतःच्या इच्छेने देह ठेवतो. संगणकातील अवताराचा अंत मात्र बहुधा दुसऱ्याच्या हिशेबवहीत ठरतो. त्या वहीवर रहिवाशाचीही सही लागावी, हीच या साडेचार दशकांच्या इतिहासातून पुढे येणारी मागणी आहे.